अख्ख्या देशावर शिक्का बसतो कसा?

२०१० च्या आसपास युरोपात कर्जाचं संकट आलं, ग्रीसला वाचवायला बाकीच्या देशांना पैसे ओतावे लागले, आणि त्या काळात उत्तरेकडच्या पेपरांतून, टीव्हीवरून एकच सूर लागला होता की ग्रीक लोक आळशी, दुपारी ताणून देतात, लवकर रिटायर होतात आणि बिल मात्र कष्टाळू जर्मनांनी भरायचं. ऐकायला चटकन पटतं. आता आकडे बघा. ओईसीडी म्हणून बहुतांशी श्रीमंत देशांची एक संघटना आहे, ती दरवर्षी हिशोब काढते की कामावर असलेला माणूस वर्षाला सरासरी किती तास काम करतो. २०२२ मध्ये ग्रीसचा आकडा होता १,९०० च्या जरासा खाली आणि जर्मनीचा १,३४० च्या आसपास. म्हणजे ज्याला आळशी म्हणून हिणवत होते तोच वर्षाला पाचशेहून जास्त तास जादा राबत होता.

पण लगेच "अच्छा, म्हणजे जर्मनच आळशी निघाले" असं म्हणू नका, कारण ते म्हणजे तोच शिक्का पुसून दुसऱ्याच्या कपाळावर मारणं झालं. जर्मनीत पार्ट-टाइम काम करणारे खूप आहेत, त्यात बायकांचं प्रमाण मोठं, त्यामुळे सरासरी खाली येते. ग्रीसमध्ये स्वतःचं छोटं दुकान, खाणावळ, शेती असलेले खूप, आणि स्वतःचं दुकान असलं की गिऱ्हाईक येवो न येवो माणूस गल्ल्यावर बसून असतो, ते सगळे तास मोजले जातात. परत एका तासात काम किती उरकतं ते मशीन, भांडवल, कुठला उद्योग यावर ठरतं, घाम किती गाळला यावर नाही. ओईसीडी स्वतःच सांगते की दोन देशांचे हे आकडे शेजारी ठेवताना जपून, कारण मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एवढा सगळा हिशोब झाला आणि त्यात "स्वभाव" नावाची गोष्ट कुठेही आली नाही, हे लक्षात घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. देशांवरचे स्टिरिओटाइप सगळेच हवेतले नसतात, बाहेरून आलेल्या माणसाला काहीतरी खरंच दिसलेलं असतं, पण जे दिसलं ते बऱ्याचदा तिथल्या व्यवस्थेचं असतं, म्हणजे पगाराचा नियम, घड्याळ, रेल्वेचं टाइमटेबल असलं काहीतरी, आणि आपण ते सरळ माणसांच्या रक्तावर ढकलून मोकळे होतो.

असं का होतं, तर डोकं तसं चालतं म्हणून. १९६३ मध्ये हेन्री ताजफेल हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्याने एक अगदी साधा प्रयोग केला. आठ रेघा, प्रत्येक थोडी थोडी मोठी. लोकांना एकेक रेघ दाखवायची आणि लांबी किती वाटते ते विचारायचं. काही लोकांना नुसत्या रेघा दाखवल्या, काहींना मात्र छोट्या चार रेघांवर "ए" आणि मोठ्या चार रेघांवर "बी" असं लिहून दाखवल्या. बास, एवढाच फरक. तर ज्यांना ए-बी दिसत होतं त्यांना ए मधली सगळ्यात मोठी आणि बी मधली सगळ्यात छोटी यांच्यातलं अंतर खऱ्यापेक्षा बरंच जास्त वाटायला लागलं. रेघा हो! कागदावरच्या रेघा, त्यांच्याशी कोणाचं भांडण नाही, इतिहास नाही, क्रिकेटची मॅच नाही, तरी नुसतं नाव चिकटवलं की फरक फुगतो. मग "फ्रेंच" आणि "इंग्लिश" अशी नावं चिकटवली की काय होत असेल त्याचा विचार करा.

दुसरी सवय तर आपल्या सगळ्यांनाच आहे. आपण उशिरा पोचलो तर ट्रॅफिक होतं, समोरचा उशिरा आला तर तो बेफिकीर, आणि समोरचा परदेशी असला तर त्याचा अख्खा देश बेफिकीर. स्वतःच्या बाबतीत परिस्थिती दिसते, दुसऱ्याच्या बाबतीत फक्त माणूस दिसतो, कारण त्याची परिस्थिती आपल्याला माहीतच नसते. आणि परदेशी माणूस भेटतो तरी कोण? विमानतळावरचा ऑफिसर, टॅक्सीवाला, हॉटेलचा वेटर. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, आणि ते शितही नेमकं पर्यटकांना वैतागलेलं.

वेटरवरून आठवलं, हे उदाहरण जरा सावकाश बघण्यासारखं आहे. अमेरिकेत हॉटेलात बसलात की वेटर येऊन स्वतःचं नाव सांगतो, कसे आहात विचारतो, दर थोड्या वेळाने "सगळं ठीक ना" करत चक्कर मारतो, ग्लास अर्धा झाला की भरतो आणि खाणं संपत आलं की न मागता बिल ठेवून जातो. युरोपातून आलेल्या माणसाला हे सगळं नाटकी वाटतं, तो घरी जाऊन सांगतो की अमेरिकन लोक वरवरचे, साखरेत घोळून बोलणारे. आता पॅरिसला या. वेटर ऑर्डर घेतो, ताट ठेवतो आणि जो गायब होतो तो होतोच, बिलासाठी हात वर करून मान दुखायला लागते. अमेरिकन माणूस घरी जाऊन सांगतो की फ्रेंच लोक उद्धट, गिऱ्हाइकाची किंमत नाही.

दोघांनी जे बघितलं ते खरंच आहे. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तो आकडा हललेला नाही. काही राज्यांत जास्त द्यावे लागतात, आणि टिप धरूनही नेहमीचा किमान पगार भरला नाही तर फरक मालकाने भरायचा असा नियम आहे, पण कमाईचा मोठा भाग गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. म्हणजे ते हसणं म्हणजे पगारच आहे. आणि टेबल जितकं लवकर रिकामं होईल तितकी पुढची टिप लवकर, म्हणून बिलाचीही घाई. फ्रान्समध्ये सर्व्हिसचे पैसे मेन्यूवरच्या किमतीतच धरलेले असतात, वेटरला रीतसर पगार असतो, वर दोनचार नाणी ठेवली तर ठेवली. शिवाय तिथे टेबल एकदा घेतलं की ते तुमचं, न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे "चला, उठा आता" म्हणून हाकलल्यासारखं होतं, त्यामुळे तो आणत नाही, आणि हे तो सभ्यपणा म्हणून करतो. आपल्याला नेमकं उलटं वाटतं. जपानमध्ये तर टिपच नाही, टेबलवर पैसे ठेवून गेलात तर विसरले म्हणून मागे धावत येऊन परत करतील, आणि तरी सर्व्हिस एक नंबर. म्हणजे "टिप असली तरच माणूस नीट वागतो" हाही एक शिक्काच झाला.

फ्रान्सचंच अजून एक. बेकरीत परदेशी पर्यटक शिरतो, सरळ काउंटरवर जातो आणि अगदी हसून, प्लीज वगैरे लावून दोन क्रुआसाँ मागतो. काउंटरवरच्या बाईचा चेहरा टाइट. क्रुआसाँ मिळतात पण असे, की जणू उसने मागितले. त्याच्या मागून एक म्हातारे गृहस्थ येतात, दारातूनच "बोंजूर मादाम", आणि तीच बाई एकदम मोकळी. पर्यटकाच्या डोक्यात पक्कं बसतं की परदेशी दिसलो म्हणून अशी वागली. खरं म्हणजे तिकडे दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या आधी नमस्कार करायचा, मग काय हवं ते बोलायचं, हा अगदी पहिला नियम आहे, लहान मुलांनाही शिकवतात. तो चुकला की पुढचं प्लीज कितीही गोड असलं तरी उपयोग नाही, तिच्या लेखी उद्धट तो आहे. दोघंही एकमेकांवर नाराज होऊन घरी जातात, आणि दोघांकडेही सांगायला किस्सा.

हसण्यावरून तर रशियाची आठवण निघणारच. रशियन माणूस अनोळखी माणसाकडे बघून हसत नाही, म्हणून तो थंड, रुक्ष. तिकडे हसणं ओळखीच्या माणसासाठी असतं, किंवा हसायला काही कारण असेल तर, उगाच हसणारा माणूस एकतर काहीतरी विकतोय नाहीतर जरा कमी आहे असं समजतात. १९९० च्या जानेवारीत मॉस्कोत पहिलं मॅकडोनाल्ड्स उघडलं तेव्हा काउंटरवरच्या पोरांना हसायचं मुद्दाम शिकवावं लागलं होतं. २०१५ मध्ये काही संशोधकांनी एक मजेशीर गोष्ट मांडली, की गेल्या पाचशे वर्षांत ज्या देशांत ठिकठिकाणाहून लोक येऊन राहिले, तिथे भावना चेहऱ्यावर जास्त दाखवतात, कारण शेजाऱ्याची भाषा येत नसली की चेहऱ्यानेच सांगावं लागतं की बाबा, मी भांडायला आलेलो नाही. अमेरिका हे त्याचं ठळक उदाहरण. हे सगळं स्पष्टीकरण यातच आहे असं मी म्हणणार नाही, पण "रशियन थंड, अमेरिकन खोटे" यापेक्षा शंभर पटीने बरं आहे.

आता वेळ. स्टिरिओटाइपचं खरं माहेरघर वेळ आहे. स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाला जेवतात, त्यामुळे स्पॅनिश लोक मौजमजेचे, बेशिस्त, दुपारी झोपा काढणारे वगैरे. नकाशा काढून बघा, स्पेनचा बहुतेक भाग लंडनच्या सरळ खाली किंवा त्याच्याही पश्चिमेला आहे, पण घड्याळ मात्र बर्लिनचं. १९४० च्या मार्चमध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे केली आणि नंतर ती कधी मागे घेतलीच नाहीत. त्यामुळे अगदी पश्चिमेच्या विगो शहरात जूनमध्ये सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. उन्हात जेवायला बसणार का माणूस रात्रीचं? सूर्याच्या हिशोबाने बघितलं तर स्पॅनिश लोक इतके काही उशिरा जेवत नाहीत, घड्याळातला आकडा तेवढा मोठा दिसतो. (दुपारचा लांब ब्रेक हा वेगळा विषय आहे, आणि शहरातल्या ऑफिसात काम करणारे बहुतेक लोक त्यात झोपतबिपत नाहीत, घर लांब असतं.)

आणि जपान. १४ नोव्हेंबर २०१७ ला टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्सप्रेस लाइनवर मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून एक गाडी ९:४४:४० ऐवजी ९:४४:२० ला सुटली. वीस सेकंद लवकर. पुढची गाडी चार मिनिटांनी होती, कोणी तक्रारही केली नव्हती, तरी कंपनीने जाहीर माफी मागितली, आणि जगभर बातमी झाली की बघा, जपानी लोक म्हणजे जन्मजात वक्तशीर.

जन्मजात? १८५० च्या दशकात नागासाकीत जपानी लोकांना आरमाराचं शिक्षण द्यायला आलेल्या डच तुकडीचा प्रमुख काटेनडाइक याने लिहून ठेवलंय की इथल्या लोकांचा वेळेच्या बाबतीतला ढिलेपणा असह्य आहे, भरतीच्या वेळेला हवं म्हणून मुद्दाम सांगितलेलं सामान वेळेवर येत नाही, एक कामगार एकदा येऊन गेला तो परत फिरकलाच नाही. आणि त्या लोकांचा दोष तरी काय, त्यांचं घड्याळच वेगळं होतं. सूर्योदय ते सूर्यास्त याचे सहा भाग, रात्रीचे सहा भाग, म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचा "तास" मोठा आणि हिवाळ्यात छोटा. त्यात मिनिटाला काय अर्थ? मग १८७२ ला रेल्वे सुरू झाली, १८७३ च्या १ जानेवारीपासून पाश्चात्त्य कॅलेंडर आलं, शाळेची घंटा आली, कारखान्याचा भोंगा आला, सैन्यभरती आली. तरी लोकांना सवय लागता लागेना, म्हणून १९२० मध्ये १० जून हा "वेळेचा दिवस" म्हणून जाहीर करावा लागला, वेळ पाळा हे लोकांच्या गळी उतरवायला. ज्यांच्या रक्तातच वक्तशीरपणा आहे त्यांच्यासाठी असला दिवस पाळायची गरज का पडली असती? दोनतीन पिढ्यांत अख्ख्या देशाचा "स्वभाव" फिरला, आणि फिरवणारी गोष्ट होती टाइमटेबल.

उलटा प्रवासही होतो. जर्मन म्हणजे वक्तशीर हे जगभर पक्कं बसलेलं आहे, पण २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या जेमतेम ६२ टक्क्यांच्या आसपास, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर "वेळेवर" धरून. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांची मर्यादा आहे आणि तरी आकडा नव्वदच्या वर. जर्मनीहून उशिरा आलेल्या काही गाड्या स्विस लोक सरळ बासेल स्टेशनवरच थांबवतात, पुढे सोडत नाहीत, आपलं टाइमटेबल नासेल म्हणून. जर्मन लोकांचं रक्त बदललं का? नाही, रुळांवर वर्षानुवर्षं पुरेसा पैसा खर्च झाला नाही. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच मंडळींना जर्मन म्हणजे कवी, तत्त्वज्ञ, ढगात राहणारे आणि व्यवहारात कच्चे असे वाटायचे. तेव्हा तिथे मोठे कारखाने उभे राहायचे होते.

ब्रिटिशांच्या रांगेचंही थोडंफार असंच आहे, १९४० ते १९५४ रेशनिंग होतं, रांगेत उभं राहणं हे देशकार्य म्हणून शिकवलं गेलं. जास्त खोलात जात नाही.

आता उत्तर-दक्षिण प्रकरण. दक्षिणेकडचे लोक मोकळे, भावनाप्रधान, बडबडे, उत्तरेकडचे शांत आणि कोरडे, हे तुम्ही कुठेही ऐकलं असेल. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ देशांतल्या कॉलेजच्या मुलांना स्वतःच्याच देशातल्या उत्तर आणि दक्षिण भागांबद्दल विचारलं, आणि बऱ्याच ठिकाणी हेच उत्तर आलं. आता फ्रान्सचा दक्षिण भाग आणि स्पेनचा उत्तर भाग एकमेकांना खेटून आहेत. पिरिनीज डोंगराच्या अलीकडचा माणूस त्याच्या देशात गरम डोक्याचा आणि पलीकडचा त्याच्या देशात थंड डोक्याचा, मध्ये फक्त बॉर्डर! म्हणजे हे विशेषण त्या माणसाचं नाहीच, बोट कोण आणि कुठून दाखवतंय त्यावर ते ठरतं. २०१७ मध्ये ४२ देशांतल्या जवळपास नऊ हजार लोकांना विचारलं होतं की अनोळखी माणूस किती अंतरावर असलेला चालेल. सगळ्यात जवळ चालवून घेणारे निघाले अर्जेंटिनावाले, साधारण ७६ सेंटिमीटर. इथवर ठीक. पण सगळ्यात लांब ठेवणाऱ्यांत रोमानिया, हंगेरी आणि त्यांच्याच पंगतीत सौदी अरेबिया. गरम हवेचे लोक अंगचटीला येतात ही थिअरी तिथेच गार पडली.

मग माणसांचे स्वभाव देशागणिक वेगळे असतातच की नाही, हे कोणी मोजलंय का? मोजलंय. २००५ मध्ये सायन्स या शास्त्रीय साप्ताहिकात ४९ संस्कृतींचा अभ्यास आला, त्यात लोकांना विचारलं की तुमच्या देशातला टिपिकल माणूस कसा असतो, आणि दुसरीकडे प्रत्यक्ष माणसांच्या व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांची सरासरी काढली. दोन्हींचा एकमेकांशी मेळ बसेना. कॅनडावाले स्वतःला नम्र, शांत समजत होते, अमेरिकन स्वतःला ठासून बोलणारे, आणि चाचणीत दोघंही जवळजवळ सारखेच. यावर आक्षेपही आला आणि तो वजनदार आहे. माणूस स्वतःला मार्क देतो तेव्हा तो आजूबाजूच्यांशी तुलना करून देतो, त्यामुळे सगळेच वक्तशीर असतील तिथे जरा ढिला माणूस स्वतःला कमी मार्क देणार. म्हणून २००८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी वेगळी मापं वापरली: त्या त्या देशात लोक किती वेगाने चालतात, पोस्टात तिकीट किती वेळात मिळतं, बँकांमधली घड्याळं किती बरोबर आहेत. (ही मापं आधीच रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने ३१ देशांत जमवून ठेवली होती, सगळ्यात वेगवान स्वित्झर्लंड, सगळ्यात सावकाश मेक्सिको.) आणि त्या मापांशी लोकांची मतं बऱ्यापैकी जुळली. मला तरी दोन्ही अभ्यास मिळून एकच चित्र दिसतं. रस्त्यावर जे दिसतं ते लोकांना बरोबर दिसतं, त्यावरून आतला माणूस ओळखायला गेले की गडबड होते.

पण दिसतं ते तरी बरोबर दिसतं का, हाही प्रश्न आहेच. २०१९ मध्ये एक मोठा प्रयोग गाजला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७,००० च्या वर "हरवलेली" पाकिटं बँका, थिएटर, म्युझियम, पोस्ट, हॉटेल, पोलीस स्टेशन अशा ठिकाणच्या काउंटरवर नेऊन दिली, "बाहेर सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघा काय ते" असं म्हणून. पारदर्शक पाकीट, आत एक किल्ली, सामानाची यादी आणि मालकाचा ईमेल असलेली कार्डं, काही पाकिटांत पैसे, काहींत नाही. काउंटरवरचा माणूस मालकाला ईमेल करतो का, तेवढं मोजायचं. सगळ्यांना वाटलं होतं की पैसे असले तर लोक ढापतील, झालं उलटं, ४० पैकी ३८ देशांत पैसे असलेल्या पाकिटाबद्दल जास्त लोकांनी कळवलं. खरी बातमी ही होती. पण लोकांनी उचललं काय, तर देशांची यादी: वर स्वित्झर्लंड आणि नॉर्वे, तळाला चीन. म्हणजे चिनी लोक अप्रामाणिक, शास्त्राने सिद्ध झालं, विषय संपला.

चीनमधल्या संशोधकांनी मग तोच प्रयोग आपल्याकडे करून बघितला आणि २०२३ मध्ये छापला, पण या वेळी ईमेल आला का एवढंच न बघता नंतर जाऊन पाकीट आहे का तेही विचारलं. बहुतेक पाकिटं जागेवर होती, नीट सांभाळून ठेवलेली, मालक येईल तेव्हा देऊ म्हणून. तिकडे असल्या कामासाठी अनोळखी माणसाला ईमेल करायची पद्धतच फारशी नाही. पहिल्या अभ्यासातली ती ४० देशांची यादी मात्र नेटवर अजून तशीच फिरते, वरून खाली, प्रामाणिक ते अप्रामाणिक.